शिकलं कोण, भरलं कोणी

आमच्या धंद्यात रिजेक्शन किलोत मोजतात. संध्याकाळी बागायतदाराच्या हातात जी चिठ्ठी पडते तिच्यावर तीन आकडे असतात: बागेतून किती माल आला, किती पॅक झाला आणि किती मागे राहिला. पहिल्या दोन आकड्यांकडे कोणी फारसं बघत नाही. तिसरा बघतात आणि मग माझ्याकडे बघतात.

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये मी क्वालिटी सांभाळते. जानेवारी ते एप्रिल ‘नाही’ म्हणायचा मला पगार मिळतो. मणी रिंगमधून बघायचा, १६ मिलिमीटरच्या खाली गेला की बाजूला. काही ग्राहकांना १८ हवा असतो, त्यांच्या ऑर्डरला तोच घड नापास. रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून गोडी बघायची. देठ हिरवा आहे का, मण्यावर थ्रिप्सचा खरवडा आहे का, उन्हाचा चट्टा, भुरीची छटा, पिठ्या ढेकणाचा चिकटपणा. टेबलावर कात्र्या घेऊन बसलेल्या बायका एकेक मणी कापून काढतात आणि अर्ध्या किलोचा पनेट भरतात. जे उरतं ते क्रेटमध्ये परत. त्याचा व्यापारी वेगळा आणि भाव तर फारच वेगळा.

“ताई, ह्या घडाला काय झालं? घरी पोरांना मी हेच खाऊ घालतो.”

हंगामात हे वाक्य रोज कोणीतरी म्हणतं आणि म्हणणारा खरंच बोलत असतो. घड खायला वाईट नसतो, प्रवासाला वाईट असतो. इथून न्हावाशेवा, तिथून जहाजाने रॉटरडॅम, मग गोदाम, मग दुकानाचं शेल्फ. महिना जातो. ज्या मण्याच्या सालीवर आज केसाएवढी चीर आहे, तो तिथे पोचेपर्यंत शेजारच्या चार मण्यांना घेऊन नासतो. गंधकाचा कागद ठेवला, शून्य अंशावर नेलं, तरी नासतो. हे समजावून सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. काही ऐकत नाहीत, क्रेट उचलताना मुद्दाम आपटतात. मी ते मनाला लावून घेत नाही. वर्षभराची फवारणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी आणि मजुरी त्या क्रेटमध्ये असते.

एवढं मात्र आहे की आमच्या चिठ्ठीवर आकड्यासोबत कारण लिहिलेलं असतं. पिंक बेरी इतके किलो, साइज इतके, डाग इतके. ही साधी वाटणारी गोष्ट धंद्यात दुर्मीळ आहे. लोकल बाजारात व्यापारी बागेत येतो, दोन मणी तोंडात टाकतो, ‘फोन करतो’ म्हणतो आणि जातो. फोन येत नाही. बागायतदार आठवडाभर मण्यात आणखी पाणी उतरलेलं (मणी पिकून मऊ पडत गेलेला) बघत बसतो आणि आपलं नेमकं काय खटकलं याचा अंदाज बांधत राहतो. माल खटकला, भाव खटकला की त्या माणसाकडे पैसेच नव्हते? अशा नकारातून शिकायचं म्हटलं तरी शिकणार काय?

कारण मिळालं की लोक किती चटकन शिकतात ते पिंक बेरीच्या बाबतीत मी जवळून बघितलं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी उतरली की थॉमसन जातीच्या द्राक्षाचे हिरवे मणी गुलाबी पडायला लागतात. चवीला फरक नाही, पण हिरव्या द्राक्षाच्या पनेटमध्ये गुलाबी मणी ग्राहकाला चालत नाही. सुरुवातीला क्रेटच्या क्रेट परत जायचे. मग कोणीतरी घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून बघितला, मणी हिरवा राहिला आणि बघता बघता बागाच्या बागा कागदात गेल्या. रद्दी विकत घ्या, बायका लावा, एकेक घड झाका. एकरी खर्च वाढतो, बागायतदार कुरकुरतो, पण करतो, कारण मागच्या वर्षीच्या चिठ्ठीवरचा आकडा त्याच्या लक्षात असतो. इथे शिकवणी सरळ आहे. नुकसान ज्याचं, उपायही त्याच्याच हातात, आणि पुढचा हंगाम यायला पुरेसा वेळ.

मला अजून एक लक्षात आलं. नकार जितका लवकर, तितका स्वस्त. डिसेंबरात बागेत जाऊन मी म्हटलं की हा प्लॉट एक्स्पोर्टला बसणार नाही, तर कोणाचा रुपया बुडत नाही. बागायतदार लोकलच्या हिशेबाने पुढची कामं करतो, उगाच महागडी डिपिंग करत नाही. तोच नकार पॅकहाऊसवर दिला तर खुडणीची मजुरी आणि टेम्पोचं भाडं गेलं. बंदरावर आला तर पॅकिंग गेलं. रॉटरडॅमला आला तर सगळंच गेलं, वर जहाजाचं भाडं, गोदामाचं भाडं आणि माल नष्ट करायचा खर्चसुद्धा. घड तोच, दोष तोच. पण डिसेंबरात ‘नाही’ म्हटलं तर लोक रागावतात. “ताई, अजून पाणी उतरलं नाही तोवर अपशकुन कशाला?” त्यामुळे बरेच क्वालिटीवाले तेव्हा गप्प बसतात आणि महागडा नकार पुढच्याच्या गळ्यात टाकतात. गोड बोलून पुढे ढकललेल्या नकाराइतकं नुकसान धंद्यात दुसरं कशानेच होत नसेल, असं मला वाटतं.

हंगाम संपला की आमच्या भागात मेळावे भरतात. खतांच्या कंपन्यांचे स्टॉल, दुपारी पुरी-भाजी, आणि एखादा वक्ता उद्योजकतेवर बोलतो. नकार हा सर्वांत मोठा गुरू, वगैरे. या भाषणांत लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर हमखास येतो. यावाच, गोष्ट आहेच तशी. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणाऱ्या माणसाला बढती डावलली जाते, तो नोकरी सोडून बेळगावला येतो, भावाबरोबर सायकलींचं दुकान काढतो. मग लोखंडी नांगर बनवतो तर शेतकरी म्हणतात, लोखंडाने जमीन नासते. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागतात. पुढे नगरपालिकेपायी बेळगावची जागाही सोडावी लागते, आणि औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ दिलेल्या निवडुंगाच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसते. एवढे नकार पचवणारा माणूस मोठाच.

पण ऐकताना दर वेळी माझं लक्ष त्या शेतकऱ्याकडे जातं. गोष्टीत तो कायम अडाणी आणि अंधश्रद्ध असतो. मला शंका येते. त्याचा लाकडी नांगर मोडला की गावातला सुतार बलुत्यात दुरुस्त करून द्यायचा. लोखंडाचा भाग मोडला तर कोणाकडे जायचं, बेळगावला? ऐन पेरणीत? ‘जमीन नासते’ हे त्याने सांगितलेलं कारण असेल, मनातलं कारण दुसरंच असू शकेल. नाही म्हणणारा माणूस नेहमी खरं कारण सांगतोच असं नाही. कधी त्यालाच ते नीट माहीत नसतं.

दुसरी गोष्ट वेळेची. नांगर दोन वर्षं दुकानात उभा राहू शकतो. गंज चढला तर पुसता येतो. द्राक्षाला असं थांबता येत नाही. त्याचा निकाल लागेपर्यंत तेच संपलेलं असतं. चिकाटीच्या सगळ्या गोष्टी न नासणाऱ्या मालाच्या का असतात, हे वक्त्यांना कोणीतरी विचारायला हवं.

नासणाऱ्या मालाची गोष्ट म्हणजे २०१०. आमच्या घरात त्या वर्षाचा उल्लेख नुसता ‘ते वर्ष’ असाच होतो.

द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यावर फळ येत नाही, फक्त काडी तयार होते. ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिच्यावर घड येतात. खरड छाटणीनंतर फुटी जोराने पळायला लागल्या तर काडीतल्या डोळ्यात घड तयार होत नाही, सगळं बळ पानात जातं. म्हणून वाढ रोखावी लागते आणि त्यासाठी बागायतदार क्लोरमेक्वाट क्लोराइड फवारायचे. सगळे त्याला ‘सीसीसी’ म्हणायचे. दुकानात उघड मिळायचं. फवारणी उन्हाळ्यात, द्राक्षं पुढच्या फेब्रुवारी-मार्चात. मध्ये नऊ-दहा महिने, एक अख्खा पावसाळा आणि आणखी एक छाटणी. ज्या पानांवर ते फवारलं ती पानं कधीच मातीत गेलेली. ते औषध घडापर्यंत पोचेल असं कोणाच्या मनातही आलं नाही.

वेलीने मात्र ते साठवून ठेवलं होतं. युरोपात द्राक्षामध्ये त्याची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. आकडा वाचून काही बोध होत नाही, म्हणून मी एकदा गणित मांडलं. कंटेनरमध्ये साधारण तेरा टन द्राक्षं बसतात. म्हणजे अख्ख्या कंटेनरमध्ये मिळून पाऊण ग्रॅमसुद्धा नको. चहात टाकतो त्या चमचाभर साखरेचा एक छोटा भाग, तेरा टनांत.

बाकीच्या औषधांचे अंश शोधायला प्रयोगशाळेत एक ठरलेली चाचणी असते. एका नमुन्यात शेकडो औषधं एकदम तपासता येतात. सीसीसी त्या जाळ्यात सापडत नाही. त्याची रासायनिक घडण अशी की वेगळी, स्वतंत्र चाचणी लावावी लागते. इथल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं, त्यामुळे ती चाचणी कोणी लावली नव्हती. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या प्लॉटचा रिपोर्ट स्वच्छ होता. यादीतली सगळी औषधं मर्यादेच्या आत. तो कागद अजून घरातल्या फायलीत आहे आणि त्यात एक अक्षर खोटं नाही.

युरोपातल्या प्रयोगशाळांनी ती चाचणी लावली. पहिल्या कंटेनरांचे निकाल आले तेव्हा मागचे समुद्रात होते, त्यामागचे बंदरात होते आणि त्यामागचे वेलीवर लटकत होते. कोणालाही काहीही करता येण्यासारखं नव्हतं. औषध सालीवर नव्हतं, रसात होतं. धुऊन जाणार नव्हतं. आमच्या भागात एक्स्पोर्टचा सगळा माल एकदम लोकलला वळला आणि लोकलचा भाव जो पडला तो त्या हंगामात उठलाच नाही.

मी तेव्हा कृषी महाविद्यालयात होते. सुट्टीत घरी आले की आप्पा फोनजवळ बसलेले दिसायचे. खुडणीच्या वेळी निर्यातदाराने थोडी उचल दिली होती, बाकीचं पेमेंट निकालानंतर. निकालानंतर आधी ‘बघू’ सुरू झालं, मग फोन बंद, आणि शेवटी एक हिशेब आला. जहाजाचं भाडं, तिकडच्या गोदामाचं भाडं, माल नष्ट करण्याचा खर्च, सगळं वजा जाता आप्पांकडूनच काही रक्कम येणं निघत होती. आप्पांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “बघ बरं, मला इंग्रजीतलं नीट कळलं नसेल.” त्यांना नीट कळलं होतं.

निर्यातदार चोर होता असं मी म्हणणार नाही. त्याच्यावर बँकेचं कर्ज होतं, तिकडच्या खरेदीदाराने त्याला एक छदाम दिला नव्हता. तिकडच्या खरेदीदाराने त्याच्या देशाचा नियम पाळला होता. प्रत्येकाने आपल्या वाट्याचा नकार खाली सरकवला, आणि सगळ्यांत खाली जो होता त्याला सरकवायला जागा नव्हती. आप्पांनी सोसायटीचं कर्ज एकदा नवं-जुनं केलं (जुनं मिटवून नवं घेतलं), दुसऱ्या वर्षी तेही जमलं नाही आणि ते थकबाकीदार झाले. मग पतपेढी, तिथला व्याजदर वेगळा. एका बाजूची बाग काढून टोमॅटो लावले. एक्स्पोर्टच्या वाटेला ते पुन्हा गेले नाहीत.

आता यातून शिकलं कोण? तर सगळेच शिकले. पुढच्या हंगामापासून सीसीसी तपासणीच्या यादीत आलं. त्याच्यासाठीची वेगळी चाचणी प्रयोगशाळांनी बसवली. बागायतदारांनी एक्स्पोर्टच्या प्लॉटवर ते वापरणं सोडलं, वाढ रोखायला पाण्याचा ताण आणि शेंडा मारणं यावर भर दिला. आज आमच्या इथल्या कृषी सेवा केंद्रातला पोरगा बाटली देण्याआधी विचारतो, “प्लॉट एक्स्पोर्टचा आहे का?” हे शिक्षण खरं आहे, त्याला मी नाकं मुरडणार नाही. माझी नोकरी त्याच शिक्षणावर उभी आहे.

आणि ही पहिली वेळही नव्हती. १९९१ मध्ये महाग्रेप्स स्थापन झालं, सहकारी संस्थांतले द्राक्ष बागायतदार एकत्र येऊन युरोपला माल पाठवायला लागले, तेव्हा सुरुवातीच्या वर्षांत परत येणाऱ्या मालानेच त्यांना प्रीकूलिंग काय असतं ते शिकवलं. खुडलेल्या घडाची उष्णता काही तासांत काढून घ्यायला हवी, हे इथे आधी कोणाच्या गावी नव्हतं. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले, बोभाटा झाला, आणि त्यातून अंश तपासणीचा कार्यक्रम सुरू झाला. २००६ मध्ये अपेडाने, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, ग्रेपनेट आणलं. प्रत्येक प्लॉटची कृषी खात्याकडे नोंदणी, प्रत्येकाला नंबर, नमुना प्रयोगशाळेने स्वतः येऊन घ्यायचा, निकाल सगळ्यांना दिसणार, आणि युरोपातल्या खोक्यावरून मागे मागे येत थेट दिंडोरी किंवा तासगावच्या प्लॉटपर्यंत पोचता येणार. अशी व्यवस्था आपल्याकडे दुसऱ्या फळांना नंतर मिळाली.

म्हणजे महाराष्ट्रातल्या द्राक्षाच्या धंद्यातलं जवळजवळ प्रत्येक शहाणपण कुठल्या तरी नाकारलेल्या कंटेनरमधून आलेलं आहे. हे सगळं मेळाव्यात अभिमानाने सांगितलं जातं आणि सांगायलाच हवं. फक्त एक गोष्ट कोणी सांगत नाही. २०१०च्या शिकवणीची फी ज्यांनी भरली त्यातल्या कितीतरी जणांची नावं त्यानंतर वर्गाच्या हजेरीपटावरच राहिली नाहीत. आप्पांना सीसीसीबद्दल आज जेवढं माहीत आहे तेवढं एखाद्या कृषी पदवीधरालाही नसेल. त्या ज्ञानाचा उपयोग त्यांना स्वतःला शून्य. उपयोग झाला तो पुढच्या वर्षी नव्याने एक्स्पोर्टला उतरलेल्यांना, प्रयोगशाळांना, निर्यातदारांना. आणि मला.

खोक्यावरून प्लॉटपर्यंत मागे येण्याची वाट तेव्हाही होती. दोष कोणाच्या बागेतला हे शोधायला ती उपयोगी पडली. भरपाई घेऊन त्या वाटेने आमच्या दारापर्यंत कोणी आलं नाही.

याच्या उलट एक उदाहरण आमच्या शेजारीच आहे. मोहाडीची सह्याद्री फार्म्स त्याच सुमारास शेतकरी उत्पादक कंपनी म्हणून उभी राहिली. विलास शिंदे आणि त्यांच्या सोबतचे शेतकरी आधीपासून द्राक्षं पाठवत होते आणि २०१०चा फटका त्यांनाही बसला होता. मी तिथे काम करत नाही, त्यामुळे जाहिरात करण्याचा प्रश्न नाही. मला महत्त्वाची वाटते ती रचना. माल देणारा शेतकरीच कंपनीचा भागधारक असतो. कंटेनर परत आला तर तोटा आणि त्यातून आलेलं शहाणपण दोन्ही एकाच ताळेबंदात उतरतं. अशा ठिकाणी ‘नकारातून शिकलो’ या वाक्याला अर्थ आहे, कारण शिकणारा आणि भरणारा एकच आहे. नाहीतर दुसऱ्याच्या पैशाने शिकायला कोण तयार होणार नाही?

मी या बाबतीत जरा हटवादी झाले आहे हे मला माहीत आहे. गेल्या वर्षी म्हणजे २०२५च्या मे महिन्यात आंब्याची बातमी वाचली तेव्हाही माझ्या डोक्यात हेच आलं. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर आधी विकिरण प्रक्रिया करावी लागते, त्यावर तिकडच्या खात्याचा निरीक्षक देखरेख करतो आणि कागद देतो. ८ आणि ९ मे रोजी नवी मुंबईच्या केंद्रात प्रक्रिया झालेल्या निदान पंधरा खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा विमानतळांवर अडवल्या गेल्या. आंब्यात कीड नव्हती. कागद भरण्यात गफलत होती. निर्यातदारांना सांगितलं गेलं, माल परत न्या नाहीतर इथेच नष्ट करा. पिकलेला आंबा विमानाने परत आणण्यात काय अर्थ, त्यांनी तो नष्ट केला. नुकसान सुमारे पाच लाख डॉलर, असा त्यांचा अंदाज होता. फॉर्म निर्यातदारांनी भरलेला नव्हता. पण आंबा त्यांचा होता.

त्या बातमीखाली कोणीतरी गंभीरपणे लिहिलं होतं की आपण यातून शिकायला हवं. काय शिकायचं? दुसऱ्याने भरलेला फॉर्म वाचायला?

सगळे नकार मान खाली घालून शिकण्यासारखे नसतात, हे मला या नोकरीत हळूहळू कळलं. माल पोचल्यावर तिकडून ‘क्वालिटी क्लेम’ येतो. फोटो जोडलेले असतात: देठ वाळलेत, मणी गळलेत, भाव कमी करा. कधी ते शंभर टक्के खरं असतं. आणि कधी असं होतं की चिली किंवा दक्षिण आफ्रिकेचा माल उशिरापर्यंत बाजारात राहिला, तिकडचा भाव कोसळला, आणि नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या देठांना वाळायची बुद्धी झाली. भाव चढा असताना तसल्याच देठांबद्दल कोणी ब्र काढलेला नसतो.

म्हणून फोटो बघण्याआधी आम्ही कंटेनरमधल्या टेम्परेचर रेकॉर्डरची नोंद मागतो. दार बंद केल्यापासून उघडेपर्यंत आत किती अंश होते त्याची रेष त्यात असते. रेष सपाट असेल तर खोट आमच्याकडे शोधायची: खुडणी उन्हात झाली का, प्रीकूलिंगला उशीर झाला का. मध्येच रेषेने उसळी मारली असेल तर तारीख बघायची, त्या दिवशी कंटेनर कुठल्या बंदरात वीज नसताना उभा होता ते शोधायचं. २०२४च्या हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली. दोनेक आठवड्यांची भर पडली. त्या वर्षी क्लेमचा पाऊस पडला आणि देठ खरोखरच वाळलेले होते. पण तो वळसा निफाडच्या कुठल्या शेतकऱ्याने घातला नव्हता, तरी कपात त्याच्याच पेमेंटमधून झाली.

जर्मनीतल्या काही साखळी दुकानांचे नियम तर युरोपच्या कायद्यापेक्षा कडक आहेत. कायदा जेवढा अंश चालवून घेतो त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावरच काही जण थांबतात, वर एका नमुन्यात किती प्रकारची औषधं सापडलेली चालतील याचीही मर्यादा घालतात. कायद्याने पास आणि दुकानात नापास. याबद्दल आमच्याकडे फार कुरकुर चालते. मी त्या कुरकुरीत सामील होत नाही. तो नियम लेखी आहे, हंगामाआधी हातात येतो, ज्याला झेपेल त्याने त्या दुकानाला माल द्यावा. आधीच सांगितलेला कडक नकार मला परवडतो.

यंदा सप्टेंबरात, गोडी छाटणीच्या आधी, आमच्या पॅकहाऊसवर बागायतदारांची बैठक झाली. दर हंगामाच्या कराराची कलमं वाचून दाखवली जातात. औषधांची यादी, शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबायचं, पेमेंट किती टप्प्यांत. बहुतेकांचं लक्ष चहाकडे असतं. वाचून संपलं तेव्हा मागच्या खुर्चीवरून एक तात्या उठले. वणीकडचे, आप्पांच्याच वयाचे.

“यादीतलं काही सापडलं तर नुकसान आमचं, हे मान्य. यादीत नसलेलं काही सापडलं तर कोणाचं?”

मालक म्हणाले, “तात्या, आता तसं होत नाही. आता सगळं यादीत असतं.”

“तेव्हा पण होत नव्हतं.”

कोणी हसलं नाही. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खरं ते सांगितलं, की यादी दरवर्षी वाढते, याचा अर्थ मागच्या वर्षी ती अपुरी होती. त्यांना ते आवडलं नाही, पण खोडताही आलं नाही. मग तासभर घासाघीस झाली. शेतकऱ्यांचं म्हणणं होतं की यादीबाहेरच्या कारणाने माल नाकारला गेला तर खुडणीपर्यंतचा खर्च तरी कंपनीने द्यावा. मालकांचं म्हणणं होतं की एवढा धोका त्यांची बँक मान्य करणार नाही. कोणीतरी विम्याचा विषय काढला, विम्यात हे बसत नाही असं दुसऱ्या कोणीतरी सांगितलं. शेवटी अर्धं-अर्धं यावर गाडी आली. कलम हाताने लिहिलं गेलं, मालकांनी त्यात ‘यंदाच्या हंगामापुरते’ एवढे शब्द घातले, तात्यांनी ते शब्द दोनदा वाचून सही केली, आणि पुढच्या आठवड्यात छाटण्यांना सुरुवात झाली.